तिथी आली, ऋतू मागे राहिला

महाराष्ट्रात गुलमोहर पेटतो तो वैशाखात, परीक्षा आटोपून शाळा-महाविद्यालये ओस पडतात तेव्हा. मॉरिशसमध्ये तोच वृक्ष डिसेंबरात फुलतो आणि तेथील माणसाच्या मनात त्याची सांगड नाताळाशी बसलेली असते. मूळचा मादागास्करचा असल्याने तो तेथे शेजारघरीच आहे. ऋतू बदलून घेतला तो आपल्याकडे येऊन. झाडाला हे जमते. पंचांगाला जमत नाही, आणि मॉरिशसच्या सणावारांची बरीचशी कथा या एका अडचणीत आहे.

विषुववृत्ताच्या दक्षिणेस वीस अंशांवर, हिंदी महासागरात वसलेल्या या बेटावर ऋतू दोनच. नोव्हेंबर ते एप्रिल हा दमट उन्हाळा आणि मे ते ऑक्टोबर हा सौम्य हिवाळा. वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला दोन-तृतीयांश उन्हाळ्यात, आणि सर्वाधिक फेब्रुवारी-मार्चमध्ये. जानेवारी ते मार्च हेच चक्रीवादळांचेही दिवस. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून करारबद्ध भारतीय मजुरांची पहिली तुकडी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. पुढल्या सुमारे नऊ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून तेथे गेली. मुंबईहून गेलेल्यांत कोकण आणि देशावरचे मराठी लोकही होते. या गिरमिटियांनी बरोबर नेलेले पंचांग मात्र उत्तर गोलार्धातल्या मोसमी पावसाच्या हिशेबाने घडलेले होते.

परिणाम काय झाला तो पाहण्यासारखा आहे. संक्रांतीचा तिळगूळ हा थंडीचा खाऊ. पण जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मॉरिशसमध्ये सूर्य ऐन माथ्यावर येतो. चैत्रातला पाडवा तेथे उन्हाळ्याच्या अखेरीस पडतो, आंब्याचा हंगाम सरून गेलेला असतो. चिनी लोकांचा सण तर नावानेच ‘वसंतोत्सव’, आणि तो साजरा होतो भर उन्हाळ्यात. या साऱ्यांत निश्चिंत एकच, इस्लामी कालगणना. तिच्यात अधिक मास नसल्याने ईद आपल्या देशातही कोणत्याच ऋतूला बांधलेली नव्हती. दिवाळीचे मात्र बरे जमले. ऑक्टोबर हा तेथील सर्वांत कोरडा महिना असल्याने पणत्यांना पावसाचे भय सहसा नसते. आपल्याकडे ती पाऊस सरल्यावर येते, तेथे पाऊस सुरू होण्याआधी.

परंतु हवामानाचा परिणाम केवळ ऊन-पावसातून होतो असे मानणे चूक ठरेल. तो कामाच्या वेळापत्रकातून होतो, आणि मॉरिशसचे वेळापत्रक दीर्घकाळ उसाने ठरवले. आपल्याकडे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. ऊसतोड टोळ्या घर सोडतात त्या दसरा आटोपून. मॉरिशसमध्ये तोडणी जूनमध्ये सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालते. म्हणजे भाद्रपदातली चतुर्थी येते ती तोडणीच्या ऐन भरात. कोकणातला शेतकरी भातलावणी उरकून, पीक पोटरीला येईपर्यंतच्या उसंतीत गणपती बसवतो. त्याच्याच मॉरिशसमधल्या भाऊबंदाच्या हाती त्या वेळी कोयता असे. त्यातच एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची ‘दुहेरी कपाती’ची पद्धत मळ्यांवर होती, ती रद्द व्हायला विसाव्या शतकाचे पहिले दशक संपत आले. अशा परिस्थितीत दहा दिवसांचा उत्सव कोणाला परवडणार? तेथे सार्वजनिक गणेशपूजन १८९६ पासून सुरू असल्याचे सांगतात. आज चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुटी असते. मराठी भाषक तेथे अल्पसंख्य असताना हे घडावे ही लहान गोष्ट नव्हे. पण सुटी आहे ती एकाच दिवसाची.

याउलट महाशिवरात्र. ती येते तोडणी संपून पुढल्या हंगामाची वाट पाहण्याच्या काळात. मळ्यांवर काम कमी आणि मजुराला थोडी सवड, अशा दिवसांत. १८९८ च्या सुमारास त्रिओले गावच्या लोकांनी दक्षिणेकडील डोंगराळ भागातल्या ग्राँ बासँ या ज्वालामुखीच्या विवरातील तळ्याकडे पायी जाण्यास सुरुवात केली. या तळ्यालाच पुढे गंगातलाव म्हणू लागले. १९७२ मध्ये भारतातून आणलेले गंगाजल त्यात मिसळण्यात आले. आज काही लाख माणसे पांढऱ्या वस्त्रांत, खांद्यावर कावडी घेऊन, बेटाच्या कानाकोपऱ्यांतून तेथवर चालत जातात आणि तळ्याचे पाणी आपल्या गावच्या शिवालयात आणतात. भोजपुरी समाजाची संख्या मोठी हे या गर्दीचे एक कारण खरेच. पण हीच यात्रा तोडणीच्या ऐन हंगामात येती, तर मळेवाल्यांनी ती कितपत वाढू दिली असती याची शंका वाटते.

सवड मिळाली, पण ती वादळी महिन्यांत. पेर लावाल या कॅथलिक धर्मगुरूचे ९ सप्टेंबर १८६४ रोजी निधन झाले. त्यांच्या समाधीकडे सर्व धर्मांचे लोक दरवर्षी रात्रभर चालत जातात. तिथेही हजारोंची वाट पायीच, पण हवा थंड आणि आभाळ बहुधा शांत. पोर्ट लुईतल्या घोड्यांच्या शर्यती १८१२ पासूनच्या. त्यांचा मोसम परंपरेने वर्षारंभीचे वादळी महिने टाळून आखला गेला. शर्यतीची तारीख माणसाच्या हाती असते, शिवरात्रीची नसते.

फेब्रुवारी १९६० च्या अखेरीस ‘कॅरोल’ वादळ आले ते शिवरात्रीच्याच दिवसांत; हजारो घरे कोसळली आणि त्या वर्षीचे साखरेचे उत्पादन आधीच्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली आले. बेटावर काँक्रीटची घरे रूढ झाली ती त्यानंतर. अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०२३ मध्ये महाशिवरात्र होती १८ फेब्रुवारीला. ‘फ्रेडी’ चक्रीवादळ बेटाच्या उत्तरेकडून गेले ते २० फेब्रुवारीस. वादळाने दोन दिवस अगोदर वाट धरली असती, तर लाखो यात्रेकरू उघड्या रस्त्यावर सापडते.

युरोपने हमीभावाने साखर घेण्याचा करार २००९ मध्ये संपला. उसाखालची जमीन घटत गेली. नव्या पिढीतला यात्रेकरू बहुधा कचेरीतून, हॉटेलातून वा कापड गिरणीतून येतो. तोडणी संपल्याची सवड आता त्याच्या लेखी नाही, पण चक्रीवादळाचे महिने आहेत तेथेच आहेत, आणि तापत्या महासागरावर प्रखर वादळांचे प्रमाण वाढेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तिथी हलवता येत नाही हे मान्य. पण तिथी एका रात्रीची असते आणि यात्रा कित्येक दिवसांची. आजही पुष्कळ लोक आठवडाभर आधी निघतात. ते चालणे अधिक दिवसांवर विभागावे, वाटेवरील शाळा व समाजगृहे निवाऱ्यासाठी आधीच ठरवून ठेवावीत, वाऱ्यात आवरता न येणाऱ्या उंच कावडींना मर्यादा घालावी. धोक्याचा इशारा मिळाल्यावर परतण्याची बस कोठून सुटेल, हे तरी यात्रेकरूला घर सोडण्यापूर्वी ठाऊक असले पाहिजे.