केमो चालू असलेला कुत्रा घरी ठेवायचा? गैरसमज आणि वस्तुस्थिती

हैदराबादेत रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या संस्था कमी नाहीत. अमला अक्किनेनी यांनी सुरू केलेली ब्लू क्रॉस ऑफ हैदराबाद तर १९९२ पासून काम करते आहे. भटक्या कुत्र्यांत वारंवार सापडणारा एक आजार म्हणजे टीव्हीटी, मुख्यतः जननेंद्रियावर होणारा संसर्गजन्य कॅन्सर. नराच्या लिंगाच्या टोकातून रक्ताचे थेंब पडत राहतात आणि लोकांना वाटतं, लागलं असेल. मादीला रक्त जात असेल तर ‘माजावर आली आहे’ म्हणून कुणी लक्षच देत नाही. आजार कळतो तोवर फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गाठ बाहेर आलेली असते. यावर औषध आहे आणि ते फार महागही नाही. अडतं ते उपचाराचे काही आठवडे कुत्र्याला घरात ठेवून घेणारं कुणी मिळत नाही म्हणून. ‘फॉस्टर’ व्हायला लोक का कचरतात, याची कारणं ऐकली की त्यांतली बरीचशी ऐकीव माहितीवर उभी आहेत, हे लक्षात येतं.

गैरसमज : कॅन्सर झालाय, आता उपचार करून काय उपयोग?

वस्तुस्थिती : सगळे कॅन्सर सारखे नसतात. टीव्हीटीवर व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं एकच औषध बहुधा पुरतं. आठवड्याला एक, अशी साधारण चार ते सहा इंजेक्शनं शिरेतून दिली जातात आणि दहापैकी नऊच्या आसपास कुत्रे पूर्ण बरे होतात. निदानही सोपं आहे. गाठीवर काचपट्टी टेकवून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की या पेशी ओळखू येतात. शस्त्रक्रियेनं नुसती गाठ काढली, तर ती पुन्हा उगवण्याचा धोका मोठा असतो. निर्बीजीकरण केल्यानं झालेला आजार बरा होत नाही. मात्र समागमातून होणारा प्रसार थांबतो, म्हणून तेही करावंच लागतं.

गैरसमज : घरात लहान मुलं आहेत, त्यांना लागण होईल.

वस्तुस्थिती : हा कॅन्सर माणसाला होत नाही. तो पसरतो ते विषाणूमुळे किंवा जंतूमुळे नव्हे. आजारी कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशीच दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर जाऊन रुजतात. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासाच्या अंदाजानुसार, ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियात कुठल्यातरी एका कुत्र्याच्या अंगात हा कॅन्सर सुरू झाला. त्याच पेशींची वंशावळ आज जगभरच्या कुत्र्यांत वाढते आहे. समागमाबरोबरच हुंगण्या-चाटण्यातूनही त्या पेशी पसरतात, म्हणून काही कुत्र्यांना ही गाठ नाकात होते. घरी आधीचा कुत्रा असेल, तर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावं.

मुलांसाठी खरी काळजी दोन गोष्टींची घ्यायची. इंजेक्शननंतर काही दिवस कुत्र्याच्या शी-शूतून औषध बाहेर पडतं. तेव्हा साफसफाई हातमोजे घालूनच करावी. गरोदर बाईनं आणि मुलांनी त्यात हात घालू नये. दुसरी गोष्ट रेबीजची. कुत्र्याला लस दिलेली आहे का, हे घरी आणण्याआधीच विचारावं. कुत्रा चावला किंवा त्यानं ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

गैरसमज : केमोथेरपी म्हणजे केस गळणार, उलट्या होणार, जिवाचे हाल होणार.

वस्तुस्थिती : माणसांच्या केमोची धास्ती इथं जशीच्या तशी लावू नये. कुत्र्यांचे डोस त्यांना झेपतील असेच ठरवतात. बहुतेक कुत्रे इंजेक्शन घेऊन घरी येतात आणि संध्याकाळी जेवायलाही मागतात. गावठी कुत्र्यांचे केस सहसा गळत नाहीत. एखाद-दोन दिवस भूक मंदावणं, उलटी किंवा बद्धकोष्ठ होणं शक्य असतं.

लक्ष ठेवायचं ते पांढऱ्या पेशींवर. इंजेक्शननंतर आठवडाभरात त्या घटतात, म्हणून प्रत्येक डोसाआधी रक्त तपासतात. आकडा ४,००० च्या खाली गेला असेल, तर डॉक्टर डोस काही दिवस पुढे ढकलतात. अशा वेळी ताप आला, कुत्रा मलूल पडला, तर सकाळची वाट पाहू नये. आणखी एक जागा जपायची, ती म्हणजे पुढच्या पायाची शीर. औषध शिरेबाहेर झिरपलं तर तिथलं मांस अक्षरशः सडतं. म्हणून सुईची जागा रोज पाहावी, आणि सूज किंवा लाली दिसली, कुत्रा ती जागा सारखी चाटू लागला, तर लगेच कळवावं.

हे औषध मुळात मिळालं ते आपल्या कुंडीतल्या सदाफुलीपासून. पण म्हणून पानं वाटून रस पाजायला जाऊ नये. कित्येक क्विंटल वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर औषध निघतं आणि वनस्पतीतली इतर द्रव्यं विषारी ठरू शकतात.

गैरसमज : दोन इंजेक्शनांत गाठ दिसेनाशी झाली, आता सोडायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : या आजारात सगळ्यात जास्त घात होतो तो इथंच. पहिल्या-दुसऱ्या इंजेक्शननंतर रक्त थांबतं, गाठ आक्रसते आणि सगळेच निर्धास्त होतात. उरलेल्या पेशी मात्र पुन्हा वाढतात आणि दुसऱ्या खेपेला औषधाला दाद देतीलच असं नाही. रस्त्यावर सोडलेला कुत्रा तिसऱ्या आठवड्यात त्याच कोपऱ्यावर सापडेल, याची खात्री कोण देणार? डॉक्टरांनी हातानं तपासून ‘संपलं’ म्हणेपर्यंत त्याला घरीच ठेवावं.

गैरसमज : घरचा भात-आमटी दिली की झालं.

वस्तुस्थिती : भात चालतो, फोडणीची आमटी किंवा कांदा-लसणाचा रस्सा चालत नाही. कांद्या-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि केमो घेणाऱ्याला ते आणखी महागात पडतं. मीठ-मसाल्याशिवाय शिजवलेलं चिकन आणि भात ठीक. हैदराबादच्या उन्हाळ्यात पाण्याचं भांडं दिवसातून चार-पाचदा बदलावं. गोचिडीही रोज पाहाव्यात, कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात. गोचीडतापानं प्लेटलेट घटतात, नाकातून रक्तही येऊ शकतं. ते नाकातल्या गाठीचं की तापाचं, हे तपासणीशिवाय कळत नाही.

गैरसमज : शेल्टरमध्ये डॉक्टर असतात, तिथंच तो लवकर बरा होईल. आणि एकदा घरी आणला की कायमचा गळ्यात पडायचा.

वस्तुस्थिती : शेल्टरमध्ये रोज नवे कुत्रे येतात, कुणी डिस्टेंपर, कुणी पार्व्हो असे संसर्गजन्य आजार घेऊन. पांढऱ्या पेशी घटलेल्या कुत्र्याला ती गर्दीच घातक ठरते. शिवाय शंभर कुत्र्यांत एकानं सकाळी खाल्लं नाही, हे कुणाच्या ध्यानात येणार? घरात ते पहिल्या वाडग्यालाच कळतं.

राहिली गोष्ट कायमची. फॉस्टर म्हणजे दत्तक नव्हे. उपचाराचा खर्च कोण करणार, रात्री फोन कुणाला करायचा, इंजेक्शनला न्यायचं कुणी, मुदत किती, हे संस्थेकडून आधी लेखी घ्यावं. सोसायटीनं आडकाठी केली, तर प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक सूचना दाखवावी. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं ती सांगते. मुदत संपली की कुत्रा संस्थेकडे परत जातो, आणि पुढे त्याला कुठं ठेवायचं ते संस्था ठरवते. त्याच्यासाठी आपल्याला द्यायचे असतात ते दीड-दोन महिने, एक मोकळी खोली आणि न चुकता पाळलेला इंजेक्शनचा वार.