फ्लू आणि शरीराची जुनी ओळख

पुण्यात ३ ऑगस्ट २००९ रोजी एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. या रोगाचा भारतातील तो पहिला बळी. शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल बांधलेले लोक तपासणीसाठी रांगा लावू लागले. एरवी फ्लूची साथ आली की आपल्याला घरातील म्हाताऱ्या माणसांची काळजी वाटते. या साथीत मात्र जगभर उलटे चित्र दिसले. लागण झाली ती मुख्यतः मुलांना आणि तरुणांना. साठीच्या पुढच्यांना त्या मानाने फारच कमी. असे का व्हावे?

उत्तर शोधण्यासाठी आधी विषाणूकडे पाहू. फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे खुंट असतात. त्यांतील हिमॅग्लुटिनिन नावाच्या खुंटाच्या टोकाने विषाणू आपल्या श्वसनमार्गातील पेशींना चिकटतो. एकदा लागण झाली की शरीर या टोकावर नेमकी बसणारी प्रतिपिंडे तयार करते. टोक झाकले गेले की विषाणूला चिकटता येत नाही. ती प्रतिपिंडे बनवणाऱ्या काही पेशी स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात.

ही स्मृती किती टिकते? १९१८ च्या भयंकर साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. १९१५ किंवा त्यापूर्वी जन्मलेल्या ३२ व्यक्तींचे रक्त अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तपासले. नव्वद वर्षांनंतरही त्या सर्वांच्या रक्तात १९१८ च्या विषाणूला रोखणारी प्रतिपिंडे सापडली! २००८ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

मग आपल्याला फ्लू पुन्हा पुन्हा का होतो? कारण स्मृती टिकते, पण विषाणू टिकून राहत नाही. स्वतःच्या प्रती काढताना तो चुका करतो आणि खुंटाचे टोक हळूहळू बदलत जाते. प्रतिपिंडे विषाणूचे नाव वाचत नाहीत, चेहरा ओळखतात.

आता २००९ चे कोडे सुटते. १९१८ च्या एच१एन१ विषाणूचे वंशज माणसांत १९५७ पर्यंत वावरले, मग नाहीसे झाले. १९७७ साली ते परतले आणि पुढे बदलत राहिले. दुसरी एक शाखा डुकरांत गेली होती. तेथे खुंटाचे टोक फार सावकाश बदलले. २००९ च्या विषाणूचा खुंट याच शाखेतून आला. म्हणजे चेहरा जुनाच! अमेरिकेतील तपासणीत १९५० पूर्वी जन्मलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांकडे त्याला ओळखणारी पुरेशी प्रतिपिंडे आढळली. १९८० नंतर जन्मलेल्यांत शंभरात चौघांकडेच. तरुणांनाही एच१एन१ होऊन गेला होता, पण तो वेगळ्या चेहऱ्याचा.

या स्मृतीची एक खोडही आहे. लहानपणी झालेल्या पहिल्या लागणीचा ठसा सर्वांत खोल उमटतो. पुढे थोडा बदललेला विषाणू आला, तरी शरीर जुन्याच नमुन्याची प्रतिपिंडे आधी काढते. अमेरिकन शास्त्रज्ञ थॉमस फ्रान्सिस यांनी १९६० साली याला गमतीने ‘आद्य पाप’ म्हटले.

म्हणून ‘मला फ्लू होऊन गेला आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. २००९ मध्येही ज्या वृद्धांना लागण झालीच, त्यांचा आजार अनेकदा गंभीर झाला. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते तीही याचसाठी. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा विषाणूंचे नमुने पाहून लशीचा मसाला ठरवते.

शिक्षकांसाठी एक उपक्रम सुचवतो. रेणापूरसारख्या गावातील नववीच्या वर्गाने घरोघरच्या माणसांची जन्मवर्षे गोळा करावीत आणि चार रकाने करावेत: १९५७ पूर्वीचे (एच१एन१), १९५७ ते १९६८ (एच२एन२), १९६८ ते १९७७ (एच३एन२) आणि त्यानंतरचे (एच१एन१ किंवा एच३एन२). कंसात पहिल्या लागणीचा संभाव्य विषाणू आहे. मग वर्गाला विचारावे: एच२एन२ हा विषाणू १९६८ नंतर माणसांत पसरलेला नाही, तो उद्या परतला, तर या तक्त्यातील कोणाची काळजी आधी करावी लागेल?