पाळीतली कंबरदुखी आणि पायात उतरणारी कळ
पाळीत कंबर दुखणे इतके सर्रास आहे की ‘सगळ्यांचेच दुखते’ म्हणून ते झटकले जाते. त्यात तथ्य आहे: प्रोस्टाग्लँडिन या रसायनामुळे गर्भाशय आकुंचन पावते, आणि गर्भाशयाच्या व कंबरेच्या संवेदना मज्जारज्जूत एकाच पातळीवर पोचत असल्याने वेदना कंबरेत जाणवते. आयबुप्रोफेन हेच रसायन तयार होणे रोखते. शेकानेही आराम पडतो. पण नितंबातून पोटरीपर्यंत कळ उतरते, मुंग्या येतात, पाऊल नीट उचलत नाही, तेव्हा हे स्पष्टीकरण तोकडे पडते. त्यामागे एंडोमेट्रिओसिस असू शकतो; त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो. क्वचित त्या पेशी ओटीपोटातून पायात जाणाऱ्या सायटिक नसेपाशी रुजतात आणि पाळीत तिथे दाह होतो. ‘एमआरआयमध्ये मणक्याची गादी सरकलेली दिसतेय ना?’ असे कुणी विचारेल. मात्र तशी गादी काहीही न दुखणाऱ्या अनेकांतही दिसते, आणि कण्याच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये ओटीपोटातली नस पुरती येत नाही. म्हणून दुखण्याच्या आणि पाळीच्या तारखा शेजारी लिहून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाव्यात. सुरुवातीला पाळीपुरती असलेली कळ पुढे महिनाभर टिकू शकते. तोवर थांबू नये. लघवीवरचा ताबा सुटला किंवा जांघांमध्ये बधिरपणा आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.