‘सर पॅट्रिक स्पेन्स’ची बांधणी

स्कॉटलंडमधील ‘सर पॅट्रिक स्पेन्स’ हे जुने सागरी कथागीत टॉमस पर्सी याने १७६५ साली आपल्या संग्रहात छापले. कर्ता अज्ञात. प्रथम वाचले तेव्हा आम्ही ते सदोष ठरवून मोकळे झालो. कारण आम्ही ओळींतील अक्षरे मोजली आणि ती जुळेनात. पुढे वर्गात मोठ्याने वाचताना मुलांनी बाकावर बोटांनी ताल धरला, तो मात्र एकदाही चुकला नाही. चूक आमच्या मोजणीची होती.

हे गीत अक्षरे मोजीत नाही, आघात मोजते. चार ओळींच्या कडव्यात पहिल्या व तिसऱ्या ओळीत चार आघात, दुसऱ्या व चौथ्या ओळीत तीन. मधली हलकी अक्षरे एक येवोत की दोन, गाणाऱ्याचे काही अडत नाही. आखूड ओळीतील चौथा ठोका मुका राहतो. तेथे श्वास घ्यावयाचा. यमकही त्याच आखूड ओळींना. ज्ञानेश्वरीच्या ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि आखूड चौथा सुटा असतो. येथे नेमके उलट.

प्रत्येक कडव्यात एक चित्र पुरे होते, म्हणून कथेला उड्या घेता येतात. डनफर्मलिनला राजा मद्य पीत बसला आहे; त्याला कुशल नाविक हवा. पत्र वाचून स्पेन्स आधी हसतो, मग रडतो. ऐन हिवाळ्यात समुद्रावर जावयाचे! एका खलाशाला नव्या चंद्रकोरीच्या कुशीत जुने चंद्रबिंब दिसले आहे. ती तुफानाची खूण. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवणाऱ्या आम्हां गोव्याकडील माणसांना हे भय समजावून सांगावे लागत नाही.

आता तुफान येणार, म्हणून वाचक सावरून बसतो. पर्सीच्या पाठात ते येतच नाही. एका कडव्याच्या आरंभी सरदार आपले जोडे भिजू नयेत म्हणून जपतात, आणि त्याच कडव्याच्या अखेरीस त्यांच्या टोप्या पाण्यावर तरंगतात. यमक जुळते ते ‘जोडे’ आणि ‘वर’ अशा अर्थाच्या दोन शब्दांत. सारे गलबत त्या दोन शब्दांमध्ये बुडाले!

नंतर स्त्रिया वाट पाहतात. एका कडव्यात त्यांच्या हाती पंखे, दुसऱ्यात केसांत सोन्याच्या फण्या. बांधणी तीच, शब्द थोडे बदललेले. बुडण्यास अर्धे कडवे पुरले, वाट पाहण्यास दोन लागली. शेवटच्या कडव्यात पन्नास वाव पाण्याखाली, म्हणजे तीनशे फुटांवर, स्पेन्स निजला आहे, आणि सरदार त्याच्या पायाशी आहेत.