संसार मोडला तरी आई-बाप दोघे हवेत

नवरा-बायकोचे पटत नाही. वस्तीतील वडीलधारी मंडळी चार बैठका घेतात, तरी संसार सावरत नाही. भांडीकुंडी, दागिने, खोलीचे डिपॉझिट यांची वाटणी होते. मग लेकराला सर्वांसमोर उभे करून विचारतात, "बोल, तुला आई पाहिजे की पप्पा?" ज्याला दोघेही हवे आहेत, त्याने काय सांगावे? समाजबांधवांनो, हा प्रश्न विचारणे आधी बंद करा.

१९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा आपल्या बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे. त्यानुसार पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहते. पण ताब्याच्या प्रश्नात मुलाचे हित सर्वात वर, असे कलम १३ सांगते. म्हणजे "पोरगा बापाचाच" हा हट्ट कायद्याला मान्य नाही आणि बापाला कायमचे तोडणेही नाही. दोघांनी मिळून मुलाला वाढवावे, अशी सोय कायद्यात आणण्याची शिफारस विधी आयोगाने २०१५ साली आपल्या २५७ व्या अहवालात केली.

परस्पर संमतीने घटस्फोट घेताना मुलाबद्दलच्या अटी अर्जातच लिहाव्यात. नुसत्या स्टँप पेपरला कोर्टाच्या हुकमाचे बळ नसते. "अधूनमधून भेटू द्यावे" असे मोघम लिहू नका. शाळेच्या दिवसांत मूल कोठे राहील, कोणत्या रविवारी किती वाजता कोण नेईल व आणून सोडील, फी आणि दवाखान्याचा खर्च कोण करील, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, हे सारे लिहा. बापाला पाळीची ड्युटी असेल तर त्याच्या सुट्टीचा वार धरा. त्याची राहायची सोय नसेल तर भेट आजीच्या घरी ठेवा. १४ एप्रिल एका वर्षी आईबरोबर, पुढच्या वर्षी वडिलांबरोबर. शक्यतो शाळा बदलू नका. मूल वाढले, गरज बदलली, तर कोर्टाकडून अटीही बदलून घेता येतात.

सर्वांत जास्त भांडण होते ते पैशावरून. पोटगी थकली म्हणून आई भेट बंद करते. भेट बंद झाली म्हणून बाप पैसे थांबवतो. दोन्हीकडून उपाशी राहते ते लेकरूच. पोटगी ही भेटीची फी नव्हे. थकलेल्या पोटगीसाठी कोर्टात जा, अडवलेल्या भेटीसाठीही कोर्टात जा. पण मुलाला ओलीस धरू नका आणि त्याच्या तोंडून निरोप पाठवू नका.

जिथे मारहाण आहे, दारू आहे, तिथे मात्र आधी मुलाची सुरक्षितता. अशा वेळी भेट देखरेखीखाली, कोर्टाच्या आवारात मागता येते. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही मिळतो.

वडीलधाऱ्यांनी पुढच्या बैठकीत भांड्यांची यादी बाजूला ठेवावी आणि मुलाचा कागद आधी लिहावा.