गिरणीतला वारा

गिरणी म्हटली की डोळ्यांपुढे जाते येते, नाही तर रोलर. वाऱ्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मैद्याच्या गिरणीत चाळणीखालून हवा सोडतात, तेणेकरून हलका कोंडा वर तरंगतो व जड रवा खाली उतरतो. आपल्या सुपाने पाखडण्याचेच हे थोरले रूप म्हणा ना! याच युक्तीने अमेरिकेत मिनियापोलिसचा मैदा शुभ्र निघू लागला. पण हवेबरोबर उडणारे बारीक पीठ जाणार कोठे? ते आतच साचत राही.

२ मे १८७८ रोजी तेथील वॉशबर्न 'ए' गिरणीत जात्यातले धान्य संपून दगडावर दगड घासला व ठिणगी पडली, असे मानतात. उडत्या पिठाने पेट घेतला आणि १८ माणसे गेली. पोत्यातले पीठ निरुपद्रवी असते. हवेत पसरले की कणाकणाभोवती प्राणवायू असल्याने सारे एकदम भडकते. गिरणी १८८० मध्ये पुन्हा उभी राहिली, ती धूळ ओढून घेणारी यंत्रे बसवूनच. हवा आत घेण्याची व्यवस्था मालक हौसेने करतात. ती गाळून बाहेर काढण्याची मात्र खर्चाची वाटते, हे आम्हांस नवल वाटते.

ज्या सभासदांची पिठाची गिरणी आहे, त्यांनी तुळयांवरचे पीठ रोज हलक्या हाताने पुसून काढावे, फुंकून उडवू नये.