तुसाची भट्टी आणि डिझेलची ज्योत

गोंदिया जिल्हा, जो १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून विलग होऊन स्वतंत्र झाला, तो मुळापासून धानाचा मुलूख आहे. आणि जेथे धान तेथे तूस, व जेथे उसना तांदूळ निघतो तेथे बहुधा त्या तुसावरच पेटणारा बॉयलर, हा येथील व्यवहाराचा क्रमच होऊन बसला आहे. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसात जातो, आणि तेच तूस भट्टीत जळून, भिजवलेल्या धानाला लागणारी वाफ पुरवते. अशा भट्टीपुढे वर्षानुवर्षे राबलेला माणूस धुराड्याकडे एकवार दृष्टी टाकतो आणि आत वारा कमी पडतो की तूस अधिक पडते, याचा निवाडा कोणत्याही उपकरणावाचून करतो. हीच विद्या, ट्रक-ट्रॅक्टर धुण्याच्या गरम पाण्याच्या दाबयंत्रात जळणाऱ्या त्या ओंजळभर डिझेल-ज्योतीच्या वाट्याला फारशी येत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

धुलाईची बहुतेक ठिकाणे गार पाण्यावरच चालतात, आणि चिखलणी उरकून बांधावर आलेल्या ट्रॅक्टरची माती उतरवण्यास ते पुरेही पडते. परंतु देवरी आणि सडक अर्जुनीवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरील मालवाहू ट्रकच्या बुडाशी जी ग्रीस व धूळ यांची काळी खपली साचते, ती गार पाण्याच्या माऱ्याने हलत नाही. स्निग्ध पदार्थ उष्णतेने पातळ व्हावा लागतो, तेव्हाच तो धातूची पकड सोडतो. जर्मनीतील कार्खर या कारखान्याने १९५० साली गरम पाण्याचे असे दाबयंत्र बाजारात आणले, आणि त्याची मूळ रचना आजतागायत फारशी पालटलेली नाही: नळीच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, पाणी वाहते आणि त्या वेटोळ्याच्या पोकळीत डिझेलची ज्योत जळते.

ही ज्योत किती खाते, याचा हिशेब प्रत्येक मालकाने एकदा तरी मांडून पाहावा. मिनिटाला १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ८० अंशांवर न्यायचे, तर तासाला सुमारे ४९,५०० किलोकॅलरी उष्णता लागते. एका लिटर डिझेलमधून साधारण ८,६०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे काहीही वाया न जाता पावणेसहा लिटर, आणि धुराड्यावाटे जाणारी उष्णता धरली तर साडेसहा लिटरांच्या आसपास. कॉइलवर बाहेरून काजळीचा थर आणि आतून क्षारांचा थर चढला, की उष्णता पाण्यात शिरण्याऐवजी धुराड्याने निघून जाते. पाणी कोमट राहते, बर्नर अधिक वेळ जळत राहतो, आणि जमाखर्चात डिझेलचा आकडा निमूटपणे फुगत जातो.

बर्नरची रचना एकदा नीट समजली, की त्याची निगा अवघड राहत नाही. इंधनपंप डिझेलला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलोचा दाब देतो. नोझलच्या सूक्ष्म छिद्रातून ते धुक्यासारखे फवारले जाते. पंखा हवा देतो. आणि दोन इलेक्ट्रोडच्या टोकांमधील तीन-चार मिलिमीटरच्या अंतरावर सुमारे दहा हजार व्होल्टची ठिणगी पडून ते धुके पेट घेते. या साखळीत सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे नोझल. त्यात कचरा अडकला, की फवाऱ्याचा शंकू वाकडा होतो आणि ज्योत एका बाजूने कॉइलवर आपटून काजळी धरते. पुष्कळ कारागीर अशा वेळी तार किंवा सुई घालून छिद्र मोकळे करतात. ते कदापि करू नये, कारण छिद्राच्या कडेला पडलेला केसाएवढा ओरखडाही फवारा कायमचा बिघडवतो. नोझल स्वस्त असते. त्याच मापाचे व त्याच कोनाचे नवे बसवावे, आणि इलेक्ट्रोडचे अंतर यंत्राच्या पुस्तिकेत मुकरर केल्याप्रमाणेच ठेवावे.

गोंदियाच्या हवेत आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. राइस मिलच्या शेजारी तुसाची बारीक धूळ उडत असते, ती पंख्याच्या पात्यांवर बसून हवेचा मार्ग अरुंद करते, आणि धुराड्यातून काळा धूर येऊ लागतो. काळा धूर म्हणजे हवेची टंचाई किंवा इंधनाचा अतिरेक; पांढरा व डिझेलच्या वासाचा धूर म्हणजे न जळलेले इंधन. पावसाळ्यात अर्ध्या भरलेल्या टाकीत बाष्प साचून तळाशी पाणी जमते, तेव्हा टाकी भरलेली ठेवावी आणि फिल्टरच्या पेल्यातले पाणी वरचेवर काढावे. पाण्याचीही गोष्ट अशीच. मालगुजारी तलावात साठलेले पावसाचे पाणी भूगर्भातून उपसलेल्या पाण्यापेक्षा सामान्यतः मृदू असते. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या कॉइलमधून मात्र क्षार विरघळवणारे सौम्य आम्ल ठरावीक मुदतीने फिरवून, नंतर ती स्वच्छ पाण्याने खळखळून धुवावी लागते.

ज्योत पेटली नाही, तर बटण पुन:पुन्हा दाबत राहू नये, ही ताकीद मी सर्वांत कळकळीने देतो. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक भट्टीच्या तळाशी डिझेल साचत जाते आणि एखाद्या ठिणगीसरशी ते सर्व एकदम भडकते. बंद शेडमध्येही हे यंत्र कधी चालवू नये. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या इंधनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो माणसाचा जीव घेतो.

मिलचा बॉयलर सरकारी निरीक्षकाच्या तपासणीखाली असतो. त्याचे दप्तर असते, दाखला असतो. परंतु १९२३ च्या बॉयलर अधिनियमाने, आणि त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या अधिनियमानेही, २५ लिटरांहून कमी सामावणुकीची तसेच १०० अंशांखाली पाणी तापवणारी पात्रे आपल्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. त्यामुळे या यंत्रापाशी कोणी अंमलदार येत नाही, आणि देखरेखीची सारी जबाबदारी ते चालवणाऱ्यावर येते. त्याने भिंतीवर एक साधी वही टांगावी. फिल्टर केव्हा बदलला, नोझल केव्हा घातले, काजळी केव्हा खरवडली, आणि तासाला डिझेल किती गेले, एवढे त्यात तारखेनिशी लिहावे. आणि दिवस मावळताना यंत्र एकदम बंद न करता आधी बर्नर थांबवून, तापमापकाचा काटा खाली उतरेपर्यंत गार पाणी कॉइलमधून वाहू द्यावे. तापलेल्या नळीत अडकून राहिलेले पाणीच रात्रभरात क्षारांचा नवा थर मागे ठेवते.